सतरा नंबरची धूळ

मावशी रोज सकाळी सातच्या पिंजऱ्याने खाली जायची. पिंजरा म्हणजे खाणीची जुनी लिफ्ट. तिन्ही बाजूंना जाळी, पायाखाली लोखंडी पत्रा आणि दाराशी घंटेची दोरी. चौदाशे मीटर खाली जायला चार मिनिटं लागत, तेवढ्यात दोनदा कानात दडे बसत. खाणीतलं तांबं केव्हाच संपलं होतं. आता खाली जाणाऱ्यांच्या हातात पहारी नसत, लॅपटॉप आणि जेवणाचे डबे असत. त्या सगळ्यांत मावशी एकटीच अशी होती, की जिच्या घरची माणसं याच पिंजऱ्यातून पूर्वी कामाला गेली होती आणि त्यातलं एक माणूस परत आलं नव्हतं.

ते माणूस म्हणजे तिचा नवरा. अकरा वर्षांपूर्वी तळच्या बोगद्याचं छत खाली आलं, तेव्हा तो त्याखाली होता. त्याआधी आठ दिवस तो घरी येऊन सांगायचा की खाली पीठ पडतंय. खडकावर भार आला की फुटायच्या आधी त्यातून पिठासारखी बारीक भुकटी झडते. खाणीतले लोक त्याला पीठ पडणं म्हणत. वरच्यांना सांगून झालं होतं, वरच्यांनी बघू म्हटलं होतं आणि बघायला कोणी आलं नव्हतं.

खाण बंद पडल्यावर शास्त्रज्ञांनी चौदाशे मीटरवरचं मोठं दालन मागून घेतलं. मावशीच्या धाकट्या दिराने, म्हणजे भावजींनी, तिला तिथे चिकटवलं. ते खाणीचे सुरक्षा अधिकारी होते. वहिनी घरी एकट्या बसून भिंतींकडे बघतात, त्यापेक्षा पगार घेऊन भिंती पुसू देत, असं ते हसत म्हणाले होते. आणि काम खरोखर भिंती पुसायचंच निघालं.

पण ते साधं पुसणं नव्हतं. पिंजऱ्यातून उतरलं की अर्धा किलोमीटर बोगदा चालायचा, मग अंघोळ करायची, मग डोक्यापासून टाचेपर्यंत पांढरा पोशाख चढवायचा, एकावर एक दोन हातमोजे आणि मनगटाशी चिकटपट्टी. दाराशी चिकट गालिचा, त्यावर पाय आपटून बुटांची उरलीसुरली धूळ काढायची. आत भिंतींवर एकपासून चाळीसपर्यंत आकडे लिहिलेले होते. प्रत्येक आकड्यापाशी कापडाची चौघडी करून वरून खाली एकदाच फिरवायची, मग घडी उलटायची. कापड मागे-पुढे घासायचं नाही, तसं केलं तर धूळ निघत नाही, नुसती जागा बदलते. नव्या येणाऱ्या पदवीधरांना हे शिकवायला मावशीच उभी राहायची. सर, म्हणजे प्रयोगाचे प्रमुख, तिच्याहून सहा वर्षांनी मोठे होते, पण तेही तिला मावशीच म्हणत. एकदा ती त्यांना म्हणाली होती, की तुम्ही माझे भाचे शोभत नाही, माझ्या बहिणीवर उगाच आळ येईल. सर इतके हसले की त्यांचा मास्क सुटला आणि त्या कोपऱ्याची सफाई परत करावी लागली.

हे सगळं कशासाठी, ते तिला चष्मेवालीने सांगितलं होतं. चष्मेवाली ही तिथली तरुण संशोधक. हवेतला रेडॉन मोजायचं काम तिच्याकडे होतं. पांढऱ्या पोशाखात सगळे सारखेच दिसत, चष्म्यावरून तेवढी ती ओळखू यायची. आकाशातल्या दीर्घिका इतक्या वेगाने गरगरतात, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनावर त्या एकत्र राहूच शकत नाहीत. म्हणजे न दिसणारं काहीतरी जड त्यांना धरून आहे, आणि ते दिसणाऱ्याच्या पाचपट आहे. ते कणांचं बनलेलं असलं, तर ते कण आपल्यातून, घरांतून, डोंगरांतून आरपार जात असणार. लाखात एखादा, कोटीत एखादा, कुठल्यातरी अणूला धडकेल आणि तिथे पुसटसा प्रकाश चमकेल. तो टिपायला दालनात तीन मजली पाण्याची टाकी होती. टाकीच्या पोटात पोलादाचं भांडं आणि भांड्यात उणे शंभर अंशांवर द्रव करून ठेवलेला झेनॉन वायू. वर जमिनीवर आकाशातून दुसऱ्याच कणांचा एवढा मारा असतो की त्यात हा एक प्रकाश हरवून जाईल. म्हणून इतक्या खोल यायचं, म्हणजे वरचा खडक चाळणीसारखा बाकीचं सगळं अडवतो.

“आत्ता तुमच्या तळहातातूनही जात असतील, मावशी,” चष्मेवाली म्हणाली होती.

“असतील म्हणजे? जातात का नाही?”

“अजून कोणी पाहिलेले नाहीत.”

मावशीने तळहात पोशाखाला पुसला. तिला ते आवडलं नाही. न विचारता अंगातून जाणारं काही असलं, तर ते चांगलं कशाला असेल, असं तिला वाटलं. धुळीचं मात्र तिला नीट समजलं. धुळीच्या कणाकणात किंचित किरणोत्सर्ग असतो आणि तो खोटा प्रकाश पाडतो. खडकातून झिरपणारा रेडॉन वायूही तेच करतो. म्हणून पुसायचं. नऊ महिने प्रयोग अखंड चालला होता आणि ठरलेली मुदत पुरी व्हायला अडतीस दिवस राहिले होते, तेव्हा एका मंगळवारी सतरा नंबरचं कापड राखाडी निघालं.

सतरा नंबर टाकीच्या मागे होता. टाकी आणि खडकाची भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी बोळ होती. भिंतीवर सिमेंटचा थर आणि त्यावर पांढरा रंग. मावशीने कापड दिव्याखाली धरलं. आतली नेहमीची धूळ माणसांची असते. धागे, केस, कातडीचा भुगा. ती मऊ असते आणि कापडाला चिकटून बसते. ही मऊ नव्हती. तिने दोन बोटांत चोळून पाहिली, तर दोन हातमोज्यांतूनही ती कचकचली, आणि तिरपी धरल्यावर मिठासारखी चमकली. हीच धूळ तिने एकोणीस वर्षं नवऱ्याच्या कॉलरमधून धुऊन काढली होती.

तिने सरांना दाखवली. सरांनी हवेचे फिल्टर बदलायला सांगितले. गुरुवारी चष्मेवालीचा चेहरा उतरलेला होता, कारण हवेतला रेडॉन दीडपट झाला होता. शुक्रवारी बैठक झाली आणि बैठकीत कोणीतरी म्हणालं की सफाईत हयगय होतेय. मावशी दाराशी उभी होती. तिला कोणी बस म्हटलं नाही. सफाई दुप्पट करायची आणि तिचे आतले कपडेही तपासायचे, असं ठरलं. कपडे तपासायला आलेली बाई ओशाळली होती, सारखी माफ करा म्हणत होती. मावशी म्हणाली, “तू तपास बाई. नीट तपास. म्हणजे मग दुसरीकडे बघता येईल.”

कपड्यांत काही निघालं नाही, आणि सतरा नंबरवरची भुकटी रोज वाढत गेली.

पहिलं राखाडी कापड निघालं त्या मंगळवारपासूनच ती एक काम न सांगता करत होती. सतरा नंबरचं कापड टाकून न देता ती छोट्या पिशवीत बंद करायची, वर तारीख लिहायची आणि आपल्या खणात ठेवायची. भुकटी कुठून येते तेही तिने शोधलं. पाइप अडकवलेल्या पट्टीच्या मागे रंगाला केसाएवढी चीर होती. चिरेशी गाल नेला की गार वारा लागायचा. खडक बंद असतो, खडकातून वारा येत नाही. मावशीने दुसरा गालही लावून पाहिला. पंख्यांची घरघर चालू होती, टाकीच्या पलीकडे कोणीतरी कोणाला तरी चहाचं विचारत होतं.

पुढच्या आठवड्याच्या रविवारी ती भावजींकडे गेली. दोन्ही घरांची मधली भिंत एकच. भावजी ओट्यावर बुटांना पॉलिश करत बसले होते, जाऊ आत भाजी चिरत होती. मावशीने सगळं सांगितलं. भावजींचा हात मध्येच थांबला आणि पुन्हा चालू झाला. छतात खडकाची हालचाल मोजणाऱ्या सळया बसवल्यात, त्यांच्यात केसभर फरक नाही, असं ते म्हणाले. सळया छतात आहेत, टाकीमागच्या भिंतीत नाहीत, असं मावशी म्हणाली. खडक ठोकून कधी बघितला, असंही तिने विचारलं. चांगला खडक पहारीने ठोकला की खणखणीत वाजतो, आतून सुटलेला असला की भदभद वाजतो. खाणीत दर आठवड्याला हे करत. भावजी म्हणाले, शास्त्रज्ञांनी ठोकायला बंदी केलीय, ठोकलं की धूळ उडते आणि यंत्र हलतं. बावीस महिने कोणी ठोकलेलं नाही. पण ते स्वतः दर सोमवारी खाली जाऊन डोळ्यांनी पाहणी करतात आणि वहीत सही करतात.

“वहिनी, तुम्ही तुमचं फडकं सांभाळा,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. उलट विनवणी होती, आणि मावशीला तीच खटकली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. विहिरीच्या तोंडाशी, म्हणजे पिंजरा जिथून सुटतो तिथे, भिंतीवर एक मोठी फळी होती. तिचे दोन भाग, एकावर ‘वर’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘खाली’. प्रत्येकाचा पितळी बिल्ला असे. खाली जाताना तो ‘वर’च्या खिळ्यावरून काढून ‘खाली’च्या खिळ्यावर अडकवायचा. काही झालं, तर आत किती माणसं आहेत ते या फळीवरून कळतं. भावजींचा बिल्ला चार नंबरचा. मावशीने आपला बिल्ला हलवला आणि जाता जाता चार नंबरवरून बोट फिरवलं. बोटावर धूळ आली. पुटावर पूट बसलेली, कित्येक महिन्यांची. बिल्ला उचलला तर त्याच्यामागे फळीचा रंग नवाकोरा होता.

पिंजरा खाली जाताना तिला सगळं उमगलं. भावजी खाली जातच नव्हते. वर कचेरीत बसून सही करत होते. नवऱ्याच्या शेवटच्या दिवशी दोघे भाऊ एकाच पाळीत होते. थोरल्याने धाकट्याला दिवा बदलून आणायला वर पाठवलं, आणि धाकटा पिंजऱ्यात असतानाच खालून धुळीचा लोट आला. नंतर भावजी कामावर राहिले, बढतीही मिळाली. सगळे म्हणाले, छातीचा माणूस आहे. आणि हा छातीचा माणूस पिंजऱ्यात पाय ठेवू शकत नव्हता. हे कोणालाही न सांगता, अगदी बायकोलाही न सांगता, दर सोमवारी पिंजऱ्याच्या दाराशी थांबून परत फिरत होता.

मावशीला राग यायला हवा होता. राग आला नाही, भीती वाटली. खाली चौदा माणसं होती, आणि ज्याच्या सहीवर ती खाली होती त्याने खडक पाहिलाच नव्हता.

त्या सकाळी तिने हत्यारांच्या पेटीतून मोठा पाना घेतला, बोळीत शिरली आणि दहा नंबरपासून ठोकत गेली. दहा, अकरा, बारा खणखणीत. पंधराला आवाज जाड झाला. सतराला भद्द झालं, रिकाम्या लाकडी पेटीवर थाप मारावी तसं. वरच्या पट्टीमागून भुकटीची बारीक धार निघाली आणि तिच्या पांढऱ्या बाहीवर पडत राहिली. धावत आलेल्या चष्मेवालीने विचारलं, की काय करताय, यंत्राने धक्का नोंदवला.

मावशीने पाना खाली ठेवला. तिने खणातून पिशव्या आणल्या आणि टेबलावर तारखांनी मांडल्या. तेरा पिशव्या, डावीकडून उजवीकडे काळवंडत गेलेल्या. चष्मेवाली बघत राहिली. मग तिने लॅपटॉपवर रेडॉनचा आलेख काढला आणि लॅपटॉप पिशव्यांच्या मागे उभा ठेवला. दोन्ही एकाच चालीने चढत होते.

“मला वाटत होतं, गळती आहे,” ती हळू म्हणाली. “मी इतके दिवस गळती शोधत होते.”

“गळतीच आहे,” मावशी म्हणाली. “खडक गळतोय.”

सर माणूस वाईट नव्हते. त्यांनी पिशव्या पाहिल्या, आलेख पाहिला, बोळीत जाऊन चिरेला हातही लावला. मग खुर्चीत बसले. अजून पंचवीस दिवस हवे होते. मध्येच थांबवलं तर झेनॉन पुन्हा टाक्यांत भरावा लागेल आणि नऊ महिन्यांचं काम अर्धवट राहील. त्यामागे बारा वर्षांची तयारी होती. ते म्हणाले, की खडकातलं मला कळत नाही, मावशींनाही अधिकार नाही. सुरक्षा अधिकाऱ्यांनी धोका आहे म्हटलं, तर या क्षणी थांबवतो. नाही म्हटलं, तर चालू राहील. त्यांनी वर फोन लावला. पलीकडून भावजींचा आवाज आला, तो सगळ्यांना ऐकू येत होता. आजच पाहणी केली, सगळं ठीक आहे, असं ते सांगत होते.

मावशीने सरांच्या हातातून फोन घेतला.

“भावजी, तुम्ही खाली या.”

“वहिनी, मी आत्ताच...”

“मी चार नंबर बघितला. मी कोणाला काही बोललेली नाही. पण तुम्ही खाली या. मी पिंजऱ्याशी उभी राहते.”

मग फोन ठेवल्याचा आवाज झाला. ते येतील का, ते तिला माहीत नव्हतं. ती अर्धा किलोमीटर चालत पिंजऱ्यापाशी गेली आणि उभी राहिली. दोरखंड वीस मिनिटं हलला नाही. मग हलला.

पिंजऱ्याचं दार उघडलं तेव्हा भावजी मागच्या जाळीला पाठ लावून उभे होते, दोन्ही हातांनी जाळी घट्ट धरून. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. मावशीने बोटं एक एक करून सोडवली. बोगद्यातून चालताना तिने त्यांच्या दंडाला धरलं होतं आणि ती सारखं काहीतरी बोलत होती, या महिन्यात पाणी किती कमी येतं, जावेच्या हातची आमटी, काहीही. दाराशी तिने त्यांच्या मनगटावर चिकटपट्टी गुंडाळली. अंघोळ राहू दे म्हणाली. पहारही आत जाऊ द्या, असं सरांनीच सांगितलं.

भावजींनी सहा ठिकाणी ठोकलं. सतरा नंबरपाशी त्यांनी एकदाच ठोकलं, मग पहार खाली ठेवली आणि हातमोजा काढून उघडा तळहात भिंतीवर टेकवला. तसेच उभे राहिले. मग वळून म्हणाले, “सगळे बाहेर. पळायचं नाही, चालायचं. काही उचलू नका.”

सरांनी एवढंच विचारलं, की झेनॉन वरच्या टाक्यांकडे वळवायला तीन झडपा हाताने उघडाव्या लागतात, तेवढी वीस मिनिटं मिळतील का. भावजी म्हणाले, की सांगता येत नाही. सर म्हणाले, की मग मी एकटा थांबतो. भावजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, की एकट्याला मी खाली ठेवत नाही. आणि ते थांबले.

बाकीचे वर आले. ‘खाली’च्या खिळ्यांवर दोन बिल्ले राहिले. कोणी जेवायला गेलं नाही. चष्मेवालीने मावशीचा हात धरला होता आणि वीस मिनिटांची पन्नास झाली तरी तो सोडला नव्हता. मावशीला त्या पन्नास मिनिटांत स्वतःचीच भीती वाटत होती. एका भावाला खडकाने नेलं होतं आणि दुसऱ्याला तिने स्वतः बोलावून खाली नेलं होतं. शेवटी घंटा वाजली, पिंजरा आला आणि दोघे बाहेर पडले. भावजी सरळ बाहेर उन्हात गेले आणि भिंतीशी बसून ओकले.

मग काहीच झालं नाही.

हा काळ सगळ्यांत वाईट गेला. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही, चौथ्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. कॅमेऱ्यात बोळ जशीच्या तशी दिसत होती. भावजींनी चौकशीत सगळं कबूल केलं, वह्यांमधल्या खोट्या सह्याही. त्यांना घरी बसवलं. मग लोक म्हणू लागले, की बावीस महिने जो खाली गेलाच नाही त्याच्या एका ठोक्यावर एवढा मोठा प्रयोग बंद केला. दुकानात मावशीला बघून बोलणं थांबायचं. एकाने तोंडावर विचारलं, की मावशी, तुमचं फडकं पुढच्या वेळी कोणती भविष्यवाणी करणार? जावेने बोलणं टाकलं. एका संध्याकाळी तीच दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, तुम्हाला बिल्ला दिसला होता, तर आधी मला सांगायचं होतं. मी त्यांना समजावलं असतं. तुम्ही त्यांना चारचौघांत उघडं पाडलंत.”

मावशी म्हणाली, की त्यांनी स्वतःच सांगितलं. ते खरंही होतं. पण जावेचंही खोटं नव्हतं, आणि मावशीला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दहाव्या दिवशी सरांना वरून पत्र आलं. बाहेरचा तज्ज्ञ पाहणी करेल आणि त्याने हिरवा कंदील दाखवला की प्रयोग पुन्हा चालू करायचा. तज्ज्ञ तेराव्या दिवशी येणार होता. मावशी दिवसातून चार वेळा स्वतःला विचारायची, की आपलं चुकलं का. आपण नवऱ्याची जुनी भीती फडक्याला पुसून सगळ्यांना दाखवली का. कुठलीच खूण येत नव्हती.

बाराव्या दिवशी दुपारी सव्वाएकला ती घरी भांडी घासत होती. मांडणीवरचे पेले एकमेकांवर किणकिणले. फार नाही, मोठा ट्रक गेल्यावर होतं तेवढंच. पण रस्त्यावर ट्रक नव्हता. शेजारच्या दारातून जाऊ बाहेर आली, मागून भावजी. तिघं ओट्यावर उभी राहिली. बऱ्याच वेळाने खाणीचा भोंगा वाजायला लागला आणि थांबेचना.

टाकीमागची भिंत अख्खी पुढे आली होती. तिने टाकी चिरडली, टाकीने समोरची कामाची खोली, आणि पाणी बोगद्यातून पिंजऱ्यापर्यंत आलं. कॅमेऱ्यातली शेवटची चित्रं नंतर मावशीला दाखवली. सतरा आकडा हळूच पुढे सरकल्यासारखा दिसतो आणि मग काही दिसत नाही. त्या वेळी तिथे रोज चौदा माणसं असत, ती जेवणाची वेळ होती, आणि ती सगळी त्याच कामाच्या खोलीत जेवत.

कोणी पेढे वाटले नाहीत. सर घरी येऊन मावशीपुढे उभे राहिले, तिने त्यांना बसवून चहा दिला. दुकानातल्या लोकांनी पुन्हा बोलायला सुरुवात केली, जरा जास्तच. झेनॉन वाचला होता आणि माहितीही वाचली होती, फक्त रेडॉन चढलेले दिवस त्यातून वगळावे लागले. सहा महिन्यांनी निकाल लागला. चष्मेवाली तो सांगायला आली. काहीही सापडलं नव्हतं. एकही प्रकाश असा नव्हता, की ज्याचं दुसरं कारण देता येणार नाही.

“म्हणजे ते नाहीच?” मावशीने विचारलं.

“असेल. आम्ही म्हणत होतो त्याहून ते दुर्मिळ आहे, एवढं कळलं. आता आणखी मोठं भांडं लागेल. आणखी खोल.”

“अजून खोल जाणार?”

“तीनशे मीटर. जुना बोगदा आहे तिथे.” चष्मेवालीने कप खाली ठेवला. “तळचा.”

तो कुठला, हे मावशीला कोणी सांगायची गरज नव्हती. तिने कप उचलले, विसळले आणि परत येऊन बसली. मग तिने एवढंच विचारलं, की ठोकायला देणार का. चष्मेवाली म्हणाली, की तसा नियम झालाय. दर सोमवारी सगळं बंद ठेवून खडक ठोकायचा, धूळ उडाली तर उडू दे. आणि ठोकायला माणूसही मिळालाय. त्याने अधिकाऱ्याची जागा परत मागितली नाही, साधी ठोक्याची नोकरी मागितली.

भावजींनी हे घरी सांगितलं नव्हतं. पहिल्या सोमवारी ते सातच्या पिंजऱ्याने गेले. मावशी त्यांच्या शेजारी उभी होती. जाळी त्यांनी आजही धरली होती, पण एकाच हाताने.

संध्याकाळी ती घरी पोचली, तेव्हा जाऊ तिच्याच ओट्यावर बसलेली होती. एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदाच. हातात काही काम नव्हतं, केस विंचरलेले नव्हते.

“ते आले नाहीत तुमच्याबरोबर?”

“वर यायला अजून अर्धा तास आहे. शेवटची फेरी करून येतायत.”

जावेने मान हलवली. “एवढी वर्षं ते खाली जात होते असं समजून मी निवांत झोपायचे, ताई. ते कचेरीत बसलेले असायचे. आता खरंच जातात, आणि मला घरात बसवत नाही.” ती रस्त्याकडे बघत होती. “तुम्ही कशा काढल्यात एकोणीस वर्षं?”

मावशीने पिशवी आत ठेवली, बाहेर आली आणि जावेजवळ ओट्यावर बसली. रस्ता मोकळा होता. दोघी बघत राहिल्या.